प्रस्तावना : कायमचा पत्ता

२०२५च्या जूनमध्ये मिलान शहरातल्या एका फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दिसल्या आणि इकडे एकच गहजब झाला. कंपनीने सुरुवातीला या चपलांचे मूळ सांगितलेच नव्हते. ओरड झाल्यावर ते मान्य केले. त्या वादात कर्नाटकाचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी एका गोष्टीची आठवण करून दिली. कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन एकट्या कोल्हापूरचे नाही. ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचे मिळून आहे, लिडकॉम आणि लिडकर या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे ते संयुक्तपणे आहे, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, निपाणी, चिक्कोडी, रायबाग या भागांत हजारो कारागिरांचे पोट याच चपलेवर चालते. त्या आठवड्यांत देशोदेशीच्या कितीतरी लोकांनी फोनवर या चपलेचा शोध घेतला असणार. अशा शोधणाऱ्यापुढे येतात ती मोठ्या विक्री-संकेतस्थळांची पाने, महानगरांतले ब्रँड आणि बातम्या. अथणीतल्या ‘टो-होल्ड’सारखा एखादा कारागीर-उपक्रम फार पूर्वीच आपल्या नावाने परदेशी बाजारात पोहोचला, पण तो अपवाद. बाकी कारागिराचे नाव, त्याचा भाव, त्याचा फोन शोधून सापडणे कठीण. माल इथला, नाव कोल्हापूरचे आणि गिऱ्हाइकाला मिळणारा पत्ता तिसऱ्याचाच. सीमाभागातल्या छोट्या धंद्याची अडचण इतक्या उघडपणे दाखवणारा प्रसंग क्वचितच घडतो.

छोट्या व्यवसायाला चांगली वेबसाइट का हवी, हा या पुस्तकाचा विषय. आपल्याकडे तो दोन टोकांनी बोलला जातो. वेबसाइट बनवून विकणारे सांगतात की ती केली की गिऱ्हाइकांची रांग लागेल. दुकानदार म्हणतो, ‘आमचं गिऱ्हाईक आम्हाला नावानिशी ओळखतं, आम्हाला कशाला हवं ते?’ दोघेही वेबसाइटला जाहिरात समजून बोलतात आणि तिथेच घोळ होतो. माझ्या मते तिचे खाते वेगळे आहे. ती ‘पत’ या खात्यात मांडायची बाब आहे. पेठेत पत तोंडी चालते. अमक्याचा शब्द म्हणजे शब्द, तमक्याचे वजन चोख, हे चार गल्ल्यांत सगळ्यांना ठाऊक असते आणि ते कुठे लिहून ठेवावे लागत नाही. अनोळखी माणसाला मात्र ही पत कुठेतरी लिहिलेली, तपासता येईल अशी आणि खुद्द धंदेवाल्याच्या नावावर असलेली सापडावी लागते. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी वेबसाइटची गरज खरोखरच थोडी आहे. म्हणून खरा प्रश्न हा की आपला धंदा ओळखीच्यांवर किती चालतो आणि अनोळखी, दूरच्या माणसांवर किती. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात या प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईतल्या एखाद्या उपनगरापेक्षा फार वेगळे येते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात शिरण्याची ही जागा नव्हे. बाजार मात्र त्या रेषेवर कधी थांबला नाही. बेळगावात लग्नाचा बस्ता बांधायला चंदगड, आजरा, गडहिंग्लजहून माणसे येतात, तशी बैलहोंगल-सौंदत्तीकडूनही येतात आणि चोर्ला घाट चढून गोव्याहूनही. गोव्याच्या स्वयंपाकघरातली बरीचशी भाजी बेळगावच्या घाऊक बाजारातून जाते. निपाणीकराला जिल्ह्याच्या गावापेक्षा कोल्हापूर जवळ. म्हणजे इथल्या साध्या दुकानाचे गिऱ्हाईकही दोन-तीन राज्यांचे, तीन-चार भाषांचे आणि पुष्कळदा पहिल्यांदाच येणारे. त्यात इथले पत्ते आपले आपण उलगडत नाहीत. निपाणीचे म्हणून ओळखले जाणारे देवचंद कॉलेज अर्जुननगरात आहे, आणि अर्जुननगर लागते कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. गावच्या माणसाला हे सांगावे लागत नाही, बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. तेव्हापासून रोमन लिपीत कोणी जुने नाव टाकून शोधतो, कोणी नवे. निपाणीतला ‘प’ कोणी एकदा लिहितो, कोणी दोनदा. ज्या पानावर ही सगळी रूपे नीट नोंदलेली नसतात ते निम्म्या शोधणाऱ्यांच्या हाती लागण्याची खात्री नसते. गोष्ट बारीक आहे, पण इथल्या धंद्याचे नुकसान अशा बारीक गोष्टींतूनच होते.

दूरच्या गिऱ्हाइकाशी आपल्या नावाने बोलण्याची कल्पना या मातीला नवी नाही. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात भावासोबत सायकलचे दुकान काढले, पुढे ते कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर कित्येक दिवस पडून राहिले. १९१०मध्ये कारखाना औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. आडबाजूच्या स्टेशनवरचा कारखाना, गिऱ्हाईक शेकडो मैलांवर विखुरलेले, आणि वस्तू अशी की समजावून सांगितल्याशिवाय कोणी घेणार नाही. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले ते या परिस्थितीत. कारखान्याची, मालाची, माणसांची माहिती देणारे घरचे नियतकालिक म्हणून ते निघाले आणि पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. वाङ्मयाच्या इतिहासात आपण त्याच्याकडे मासिक म्हणून पाहतो. व्यापाराच्या इतिहासात पाहिले तर एका उत्पादकाने दुसऱ्याच्या वर्तमानपत्रातला रकाना भाड्याने घेण्याऐवजी स्वतःचे पान उघडले, ही त्यातली मोठी गोष्ट आहे. वर्तमानपत्र निरुपयोगी होते असे नाही. बाबूराव ठाकूरांनी १९१९मध्ये काढलेल्या ‘तरुण भारत’ने बेळगावच्या पेठेला तिचा आवाज दिलाच. पण रकान्यात दोन ओळी मावतात आणि दुसऱ्या दिवशी त्या रद्दीत जातात. आपल्या पानावर नांगर कसा जोडायचा, फाळ झिजला तर काय करायचे, एजंट कुठे आहे, हे सगळे सांगता येते आणि ते जपून ठेवले जाते. आजच्या चांगल्या वेबसाइटकडून याहून निराळे काही अपेक्षित नाही.

या क्षेत्राचा इतिहास लहान आहे, वेग मात्र भलताच. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९मध्ये वेबची कल्पना मांडली, १९९१मध्ये पहिली साइट लोकांपुढे आली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामोबदला खुले केले. त्या एका निर्णयामुळे वेबवर पान उघडायला आजही कोणाची परवानगी लागत नाही. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिले. पुढच्याच वर्षी इंडियामार्ट आणि जस्टडायल उभे राहिले, म्हणजे आपल्याकडे छोटा उद्योजक इंटरनेटवर आला तो बहुधा दुसऱ्याच्या यादीतला एक धंदा म्हणून. २००५मध्ये ‘डॉट इन’ नावे सर्वांना सहज मिळू लागली, २०१४मध्ये देवनागरीतले ‘.भारत’ आले. ही सोय कागदावर मोठी, वापरात अजून छोटी आहे. २०१६मध्ये एकीकडे यूपीआय आले आणि दुसरीकडे मोबाइल डेटा स्वस्त झाला. खेड्यातल्या माणसाच्या हातात शोधायचे, विचारायचे आणि पैसे द्यायचे साधन एकाच वर्षात पडले. अमेरिकेत दुकाने टेबलावरच्या संगणकासाठी साइट बांधत बांधत फोनपर्यंत आली. आपल्याकडच्या बहुतेक गिऱ्हाइकाने संगणक पाहिलाच नाही, तो थेट फोनवर उतरला. त्यामुळे परदेशी पुस्तकांतले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि हे पुस्तक मराठीत नव्याने लिहावे लागले त्याचे एक कारण हेही आहे.

चांगली वेबसाइट म्हणजे काय, यावर गेल्या तीस वर्षांत वेगवेगळी घराणी तयार झाली. सर्वांत जुने घराणे माहितीपत्रकवाल्यांचे: छापील पत्रक होते तेच पडद्यावर चढवायचे, मुखपृष्ठावर मालकांचा फोटो आणि ‘आमच्याविषयी’ खाली दोन परिच्छेद. त्याची आज थट्टा होते, तरी सीमाभागातल्या निम्म्याहून अधिक साइट मला याच घराण्यातल्या वाटतात. दुसरे घराणे वापरसुलभतेचे. जेकब नील्सन यांनी नव्वदच्या दशकात सांगायला सुरुवात केली की पान सुंदर दिसते का यापेक्षा आलेल्या माणसाला हवी ती गोष्ट चटकन सापडते का, ते तपासा. ईथन मार्कोट यांनी २०१०मध्ये मांडलेली, पडद्याच्या मापानुसार आपला आकार बदलणाऱ्या पानाची कल्पना याच विचाराची पुढची पायरी. २०१५च्या एप्रिलपासून गूगलने फोनवर नीट न दिसणाऱ्या पानांना फोनवरच्या शोधात मागे ढकलायला सुरुवात केली, तेव्हा हा विचार पंडितांच्या वर्तुळातून थेट गल्ल्यापर्यंत आला. तिसरे घराणे शोधवाल्यांचे. पान शोधात वर कसे येईल यावर त्यांचे सगळे लक्ष. त्यांच्यात खरे कारागीर आहेत आणि ‘पहिल्या पानावर आणून दाखवतो’ म्हणणारे भोंदूही कमी नाहीत. चौथे घराणे दुकानवाल्यांचे: साइट म्हणजे विक्री, टोपली आणि पैसे भरायची खिडकी. पाचवे समाजमाध्यमांचे, त्यांच्या मते वेबसाइटचे दिवस गेले, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप पुरे. आणि एक छोटे, काहीसे हट्टी घराणे आहे जे म्हणते की बाकी सगळे करा, पण मूळ मजकूर आपल्या मालकीच्या नावाखाली ठेवा. हे पुस्तक या शेवटच्या घराण्याकडे झुकते. माझाही कल तिकडेच आहे, आणि कारणे भावनिक नाहीत.

भाड्याच्या जागेचे काय होते याची यादी आता बरीच लांबली आहे. जिओसिटीज २००९मध्ये बंद झाले आणि लोकांनी हौसेने बांधलेली असंख्य पाने गेली. ऑर्कुट २०१४मध्ये बंद झाले. २०२०च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा त्यावर जम बसवलेल्या छोट्या विक्रेत्यांचे प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. ४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप एकाच वेळी सहा-एक तास बंद होते. आणि आपल्या विषयाला सर्वांत लागू उदाहरण म्हणजे गूगल व्यवसाय-नोंदीबरोबर फुकट मिळणारी एकपानी वेबसाइट. अनेक दुकानदारांनी तेवढ्यावर समाधान मानले होते. मार्च २०२४मध्ये गूगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. यात कोणाची फसवणूक झाली असे नाही. जागा ज्याची, त्याने ती आपल्या सोयीने आवरली. विक्री-संकेतस्थळांचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे खरेच विक्री होते आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. पण गिऱ्हाइकाचे नाव, क्रमवारी आणि कमिशन तिन्ही दुसऱ्याच्या हातात असतात. निपाणीला हे पुस्तकातून शिकायची गरज पडू नये. १९८१च्या मार्चमध्ये तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला तिथे गोळीबार झाला. त्या आंदोलनाच्या मुळाशी हेच होते की माल पिकवणारा एक आणि त्याची प्रत व भाव ठरवणारा दुसरा. ऑनलाइन बाजाराची तुलना त्या रक्ताशी करणे उचित नाही. पण खरेदीदारापर्यंत जाण्याचा एकच रस्ता असला म्हणजे सौदा कोणत्या बाजूला झुकतो, हे ज्या गावाने इतकी किंमत देऊन पाहिले त्याने स्वतःचा दुसरा रस्ता मोकळा ठेवलेला बरा.

इथे भाषेचा मुद्दा येतो आणि सीमाभागात तो टाळता येत नाही. कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीने दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड असणे सक्तीचे झाले. त्यावर काय मत असावे हे ज्याचे त्याने ठरवावे. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर फलक म्हणजे ठरावीक फुटांची जागा, त्यात एक भाषा वाढली की दुसरी आक्रसते. वेबसाइटवर अशी ओढाताण नसते. मराठीचे पूर्ण पान, कन्नडचे पूर्ण पान, इंग्रजीचे पूर्ण पान शेजारी शेजारी राहू शकते आणि कोणाची जागा कोणी खात नाही. चंदगडची गिऱ्हाईक बाई आपल्या भाषेत वाचते, बैलहोंगलची आपल्या. कन्नड मजकूर मात्र कन्नड जाणणाऱ्याकडूनच लिहून घ्यावा. यंत्राने केलेल्या भाषांतरातून ‘मांडे’ आणि ‘करदंट’ या पदार्थांचे काय होते ते एकदा पाहिले म्हणजे पुरे. मराठीची अडचण आणखी एक. आपल्या छापखान्यांचे कित्येक वर्षांचे काम श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत आहे. तो मजकूर कागदावर देखणा उमटतो, पण युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय वेबवर टाकला तर शोधयंत्राला तो निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. म्हणून पुष्कळजण जाहिरातीचे चित्रच चढवून मोकळे होतात. मग पान मराठीत असूनही मराठीत शोधणाऱ्याला सापडेल याचा भरवसा राहत नाही. खर्च करूनही अदृश्य राहण्याचा याहून सोपा उपाय नसेल.

सगळ्या धंद्यांना वेबसाइट सारखीच लागते असे समजणे चुकीचे ठरेल. बेळगावचे उद्यमबाग आणि मच्छे इथल्या फाउंड्री, मशीनशॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने घ्या. त्यांचे गिऱ्हाईक रस्त्यावरून जाताना आत डोकावत नाही. पुण्याचा किंवा जर्मनीचा खरेदी अधिकारी पाहतो ती यंत्रांची यादी, किती वजनापर्यंतचे कास्टिंग निघते, किती मायक्रॉनची टॉलरन्स सांभाळता येते, तपासणीची साधने कोणती आणि प्रमाणपत्रे चालू आहेत का. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारा उद्योग उभा राहिल्यापासून तर या भागाकडे पाहणारी नजर अधिकच चौकस झाली आहे. अशा जॉबवर्कवाल्याला रंगीबेरंगी साइट नको, नेमकी हवी. एका पानावर यंत्रांचा खरा तक्ता असला तरी तो दहा फोन वाचवतो आणि एखादी चौकशी आणून देतो. कुंदा या मिठाईची गोष्ट निराळी. ‘बेळगावचा कुंदा’ हे नाव कोणीही डब्यावर छापू शकतो. म्हणून खरे करणाऱ्याने कुठल्या दुधाचा, किती दिवस टिकतो, थंड ठेवावा लागतो का, अन्न परवान्याचा क्रमांक काय आणि पार्सल किती दिवसांत पोचते, हे आपल्या नावाखाली सांगितले तर नक्कल ओळखायला गिऱ्हाइकाला आधार मिळतो. शहापूर-वडगावच्या विणकराला साडीच्या पदराचा जवळून घेतलेला स्वच्छ फोटो आणि ती हातमागाची की यंत्रमागाची याचा खरा उल्लेख, एवढे केले तरी खूप. उलट निपाणीच्या सर्वांत जुन्या व्यापाराला वेबचा उपयोग सर्वांत कमी. २००३च्या कायद्याने तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. गल्लीतल्या किराणा दुकानाला किंवा इस्त्रीवाल्याला नकाशावरची बिनचूक नोंद पुरते. त्याला कोणी वेबसाइट विकत असेल तर त्याने ती घेऊ नये, असे हे पुस्तकही स्पष्ट सांगते.

आक्षेप यापुढेही उरतात आणि त्यांतले काही वजनदार आहेत. खर्चाचा आक्षेप मला हलका वाटतो. डोमेन म्हणजे वेबसाइटचे नाव, ते वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते, साधी जागा आणखी काही हजारांत, आणि सुरक्षित जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र गेल्या दशकापासून फुकट मिळते. दिवाळीच्या एका पानभर जाहिरातीपुढे हा आकडा काहीच नाही. सांभाळायचे कोणी, हा प्रश्न मात्र खरा आहे. तीन वर्षांपूर्वीचा भाव, बदललेला फोन, उठून गेलेली शाखा दाखवणारी साइट ही नसलेल्या साइटहून वाईट, कारण ती पत वाढवण्याऐवजी खाते. यावरचा उपाय शिस्तीचा आहे: जे सांभाळता येणार नाही ते चढवू नये. पाच खरी पाने पन्नास शिळ्या पानांपेक्षा बरी. ‘भाव लिहिले की समोरचा दुकानदार दोन रुपये कमी करतो’ ही तक्रारही पोकळ नाही. पण समोरच्याला आपला भाव आधीच ठाऊक असतो. तो लपून राहतो फक्त गिऱ्हाइकापासून. अगदी नेमका भाव सांगणे परवडत नसेल तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ एवढे तरी सांगावे. सर्वांत नवा आक्षेप असा की आता लोक साइट उघडतच नाहीत, कृत्रिम बुद्धिमत्ताच उत्तर देते. २०२४पासून भारतातही शोधाच्या माथ्यावर यंत्राने लिहिलेले उत्तर दिसू लागले आहे आणि काही धंद्यांकडे येणारी वर्दळ त्याने घटेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते यंत्र उत्तर कशातून काढते? कुठेतरी लिहिलेल्या मजकुरातूनच. आपण आपल्याविषयी काही लिहून ठेवले नसेल तर ते दुसऱ्याच्या ऐकीव माहितीवरून आपली ओळख करून देईल. दुकानाची वेळ, शाखा, परतीचा नियम या बाबतीत अशी ऐकीव ओळख महागात पडते.

सीमेवरच्या माणसाने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट सहसा कोणी वेबसाइटच्या पुस्तकात लिहीत नाही. निपाणीहून कागलला माल पाठवणे हा जीएसटी कायद्याच्या दृष्टीने आंतरराज्य पुरवठा आहे, अंतर कितीही थोडे असो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला उलाढालीच्या मर्यादेपर्यंत नोंदणीतून सूट मिळते. राज्याबाहेर करपात्र माल पाठवणाऱ्याला, हस्तकलेसारखे काही अपवाद सोडले तर, ती मिळत नाही. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर मालाचा पुरवठा करताच येत नाही. वेबसाइटवर ‘सर्वत्र घरपोच’ असे उत्साहाने लिहिणाऱ्याने आधी आपल्या कर-सल्लागाराला विचारावे. ऑनलाइन विक्री करायचीच तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कोणाकडे करायची, हे उघड द्यावे लागते, आणि गिऱ्हाइकाची माहिती गोळा केली तर २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही ओघाने येतो. पुष्कळांना हे लोढणे वाटते. मला यात उलटी बाजू दिसते: जो आपले खरे नाव, पत्ता आणि तक्रारीचा फोन न लाजता लिहितो, त्याच्यावर अनोळखी माणूस विश्वास टाकतो. नियमांनी जे सक्तीचे केले तेच पत मिळवण्याचे पहिले साधन आहे.

या पुस्तकाचा आवाका या सगळ्यातून ठरला आहे. ते प्रोग्रॅमिंग शिकवत नाही आणि एखाद्या कंपनीच्या साधनाची शिफारसही करत नाही, कारण साधने पुस्तकाच्या आवृत्तीपेक्षा लवकर बदलतात. मालकाने काय ठरवायचे आणि काय दुसऱ्याकडून करून घ्यायचे, यातली रेघ आखून देणे हा त्याचा मुख्य उद्देश. मजकूर कोणी लिहायचा, फोटो कोणते काढायचे, तीन भाषांची जुळणी कशी करायची, बनवून देणाऱ्याशी करारात काय लिहून घ्यायचे, आणि वर्षातून किती वेळा घर झाडायचे, हे त्यात इथल्या धंद्यांची उदाहरणे घेऊन आले आहे. काही जागी मी लेखकांशी सहमत नाही. शोधात वर येण्याच्या युक्त्यांना त्यांनी माझ्या मते गरजेपेक्षा अधिक पाने दिली आहेत, आणि आर्थिक हिशेब मांडताना मालकाच्या स्वतःच्या वेळेची किंमत धरलेली नाही. छोट्या दुकानात तोच सर्वांत मोठा खर्च असतो. वाचकाने त्या आकड्यांत आपल्या संध्याकाळी मिळवून मगच ते पाहावेत. बाकी मांडणी प्रामाणिक आहे, आणि जिथे वेबसाइटने काही होणार नाही तिथे तसे सांगण्याचे धाडस त्यांनी केले आहे. या विषयावरच्या पुस्तकांत ते दुर्मिळ आहे.

वाचायला बसण्यापूर्वी एक काम मात्र उरकून घ्यावे. आपली वेबसाइट आधीच असेल तर तिचे डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे ते आजच विचारा. बनवून देणाऱ्याच्या नावावर असेल तर गोडीगुलाबीने, पण लेखी, आपल्या नावावर करून घ्या. वेबसाइट नसेल तर दुकानाचे नाव अजून मोकळे आहे का ते पाहा आणि असेल तर आपल्या नावावर नोंदवून ठेवा. त्यावर काय उभे करायचे ते पुढच्या पानांत आहे.